अक्षय ऊर्जा आणि शाश्वत जीवनशैलीचे प्रदर्शन पाहायला जाताना

पावसाळा संपून हवा कोरडी झाली की महाराष्ट्रात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत तो ऐन भरात येतो. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असल्यामुळे त्याच्या आगेमागे ऊर्जाबचतीचे कार्यक्रम आणि छोटी प्रदर्शने ठिकठिकाणी होतात. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात भरणारे ‘किसान’ आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत होणारे ‘कृषिक’ ही खरे तर शेतीची प्रदर्शने आहेत. परंतु सौर पंप, सौर वाळवणी यंत्रे, बायोगॅस संयंत्रे आणि पाणी वाचवणारी साधने पाहण्यासाठी तेथे जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. असे प्रदर्शन पाहून परतणाऱ्या बहुतेकांच्या हाती माहितीपत्रकांनी भरलेल्या दोन पिशव्या असतात आणि ‘सोलर बसवायचे का?’ हा घरातून निघतानाचा प्रश्न मात्र तसाच राहिलेला असतो. याचे कारण स्टॉलवर उत्तरे मिळत नाहीत हे नसून, विचारणाऱ्याजवळ स्वतःच्या घराचे आकडे नसतात हे आहे. म्हणून या लेखातील बराचसा भाग प्रदर्शनाला निघण्यापूर्वी घरी करायच्या तयारीविषयी आहे.

कोणत्या प्रदर्शनाला जावे

‘रिन्युएबल एनर्जी इंडिया’ हे ग्रेटर नोएडाला भरणारे प्रदर्शन किंवा त्या धर्तीची इतर मोठी प्रदर्शने मुख्यतः उत्पादक, ठेकेदार, अभियंते आणि गुंतवणूकदार यांच्यासाठी असतात. तेथे मेगावॅटच्या भाषेत व्यवहार चालतात आणि दोन किलोवॅटची चौकशी करणाऱ्या घरमालकाकडे लक्ष देण्यास कोणाला फारशी सवड नसते. ज्यांना या क्षेत्रात व्यवसाय करायचा आहे, त्यांनी तेथे जरूर जावे. घर, शेत किंवा सोसायटीसाठी काही घेऊ पाहणाऱ्याने आपल्या जिल्ह्यातील कृषी प्रदर्शन, महापालिकेने किंवा महाविद्यालयाने भरवलेले पर्यावरण प्रदर्शन, किंवा महाऊर्जाचा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाचा, सहभाग असलेला कार्यक्रम निवडावा. तेथे येणारे विक्रेते आपल्याच परिसरात काम करणारे असतात आणि पुढे दुरुस्तीला तेच उपयोगी पडतात.

प्रदर्शनाची जाहिरात पाहताना स्टॉलच्या संख्येपेक्षा व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांचे वेळापत्रक आधी पाहावे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मिडवेस्ट रिन्युएबल एनर्जी असोसिएशन १९९० पासून ऊर्जा मेळावा भरवते. तेथे कार्यशाळांना स्टॉलइतकेच महत्त्व असते. घरमालक तेथे बसून शिकतात आणि मग स्टॉलवर जातात. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो आणि व्याख्यानांचा मंडप रिकामा राहतो. विषय उपयोगाचा असेल, तर ज्या दिवशी ते व्याख्यान असेल तोच दिवस भेटीसाठी ठरवावा. पहिल्या दिवशी स्टॉल मांडण्याची घाई असते आणि शनिवार-रविवारी गर्दीमुळे कोणी सलग पाच मिनिटेही बोलू शकत नाही. त्यामुळे मधल्या वारी, सकाळी दरवाजे उघडताच पोहोचणे सर्वांत सोयीचे.

निघण्यापूर्वी : घराचे आकडे

सर्वप्रथम वीजबिल काढावे, आणि एकाच महिन्याचे नव्हे तर वर्षभराचे. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा तपशील छापलेला असतो. तो पाहून बारा महिन्यांची बेरीज करावी आणि तिला ३६५ ने भागावे. उदाहरणार्थ, वर्षाला २,८८० युनिट वापर असेल तर महिन्याची सरासरी २४० आणि दिवसाची सुमारे ८ युनिट येते. महाराष्ट्रात चांगल्या रीतीने बसवलेले एक किलोवॅटचे सौर संयंत्र वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देते. पावसाळ्यात त्याहून बरेच कमी आणि मार्च-एप्रिलमध्ये थोडे जास्त. म्हणजे या घराची गरज दोन किलोवॅटची आहे. स्टॉलवर पाच किलोवॅटचा आग्रह झाला, तर हा एक आकडा आपल्याला सावध करतो. बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि जोडणी एक फेजची आहे की तीन फेजची, हेही वहीत लिहून घ्यावे. बिल कोणाच्या नावावर आहे तेही पाहावे, कारण आजोबांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर राहिलेल्या बिलामुळे पुढे अनुदानाचा अर्ज अडकतो.

नंतर गच्चीवर जावे. एका किलोवॅटसाठी सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते असे धरून चालावे. आजच्या मोठ्या पॅनलना प्रत्यक्षात त्याहून कमी जागा पुरते, परंतु पुसायला आणि दुरुस्तीला फिरण्याइतकी वाट सोडावीच लागते. जागेच्या मापापेक्षाही सावली महत्त्वाची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे वर्षातील सर्वांत लांब सावल्या याच महिन्यात पडतात. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबराच्या उत्तरार्धात ऐन दुपारी टाकीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी असते, पण सकाळी नऊला ती उंचीच्या दुपटीच्या आसपास जाते. दीड मीटर उंचीची पाण्याची टाकी असेल, तर सकाळी तीन मीटरपर्यंतची गच्ची सावलीत राहते. म्हणून प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता खडूने सावलीच्या कडा आखाव्यात आणि तिन्ही वेळचे फोटो घ्यावेत. जिना, टाकी, शेजारची इमारत, नारळ, डिशचा खांब, काहीही सोडू नये. पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावली त्या कोपऱ्यापुरतेच नुकसान करत नाही. पॅनलमधील घट, म्हणजे वीज तयार करणारे छोटे ‘सेल’, एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे त्या ओळीचे उत्पादनच खाली येते. ही तयारी करून गेलेल्या माणसाशी स्टॉलवरचा अभियंता निराळ्या रीतीने बोलतो.

स्वयंपाकाच्या गॅसचे वर्षाला किती सिलिंडर लागतात, अंघोळीसाठी पाणी कशावर तापते, नळाचे पाणी क्षारयुक्त आहे का, आणि ओला कचरा रोज अंदाजे किती किलो निघतो, हे चार तपशीलही त्याच पानावर लिहावेत. ज्यांची स्वतःची गच्ची नाही अशा फ्लॅटधारकांनी स्वतःच्या बिलाबरोबर सोसायटीच्या सामाईक मीटरचे बिलही न्यावे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचा खर्च त्यात असतो आणि सोसायटीच्या गच्चीवरील सौर संयंत्राचा विचार बहुधा तेथूनच सुरू होतो.

पोहोचल्यावर

पहिली फेरी हात मोकळे ठेवून मारावी. कोणतेही माहितीपत्रक न घेता आणि मोबाइल क्रमांक न देता सर्व दालने पाहून यावीत आणि आपल्या वहीतील प्रश्नांशी संबंध असलेल्या पाच-सहा स्टॉलवर खूण करावी. नंतर व्याख्यान ऐकावे आणि मग त्या स्टॉलवर निवांत जावे. स्टॉलवरील चौकशीच्या नोंदवहीत क्रमांक लिहिला की पुढे महिनाभर फोन येत राहतात. ज्यांच्याकडून खरोखर दरपत्रक हवे आहे, त्यांनाच तो द्यावा. ‘आजच बुकिंग केल्यास सूट’ असे सांगितले गेले तरी विसार म्हणून एक रुपयाही देऊ नये, कारण गच्ची न पाहता दिलेला दर हा अंदाजच असतो.

सोबत पाण्याची बाटली, डबा आणि कापडी पिशवी न्यावी. शाश्वत जीवनशैलीच्या मंडपाबाहेर थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग दिसला तर तो आयोजकांच्या निदर्शनास जरूर आणून द्यावा; असे दोन-चार अभिप्राय आले की पुढच्या वर्षी फरक पडतो.

सौर छताचा स्टॉल

या स्टॉलवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण यातच सर्वांत मोठी रक्कम गुंतते आणि ती पंचवीस वर्षांसाठी गुंतते.

मांडून ठेवलेल्या पॅनलची चकचकीत पुढची बाजू पाहून झाली की ते उलटे करून दाखवण्याची विनंती करावी. मागे चिकटवलेल्या पट्टीवर त्याची सारी कुंडली असते : कमाल शक्ती, व्होल्टेज, प्रवाह, उत्पादकाचे नाव, अनुक्रमांक आणि प्रमाणन. तिचा फोटो घ्यावा. त्यावरील ५४० वॅट हा आकडा घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचा, प्रयोगशाळेतील असतो. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यातील दुपारी गच्चीवरच्या पॅनलचे घट ६५ अंशांपर्यंत तापतात. तापमान एका अंशाने वाढले की शक्ती किती टक्क्यांनी घटते, हा आकडा उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात दिलेला असतो. तो ०.३५ असेल, तर ४० अंशांच्या वाढीला १४ टक्के घट होते आणि ५४० वॅटच्या पॅनलमधून त्या वेळी सुमारे ४६४ वॅटच मिळू शकतात. ‘टॉपकॉन’ प्रकारच्या पॅनलमध्ये हा आकडा ०.३० च्या आसपास असतो, त्यामुळे विदर्भ-खानदेशातील ग्राहकाला त्या प्रकाराचा जास्त उपयोग आहे. तांत्रिक पत्रक मागितल्यावर जो विक्रेता ‘ते नंतर व्हॉट्सॲपवर पाठवतो’ असे म्हणतो, त्याच्याकडून ते तिथेच, समोर उभे राहून मिळवावे.

दुसरा प्रश्न पॅनल कोठे बनले याचा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान मिळण्यासाठी घटांसह भारतात बनलेले पॅनल लागते. व्यवहारात त्याला ‘डीसीआर पॅनल’ म्हणतात. तसे नसलेले पॅनल स्वस्त पडते आणि काही वेळा दर त्याचा सांगून अनुदानाचा आकडा मात्र डीसीआरचा दाखवला जातो. दोन्ही दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये असे अनुदान आहे; तीन किलोवॅट आणि त्यावरील सर्व संयंत्रांना कमाल ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी हा दर किलोवॅटला १८,००० रुपये आहे. संयंत्र बसून मीटर लागल्यावर अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, म्हणून ‘अनुदान आमच्याकडे जमा होईल’ असे कोणी म्हणाल्यास तो स्टॉल सोडून द्यावा. विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृत असावा लागतो. त्याचे नाव तेथे आहे का, हे मोबाइलवर लगेच पाहता येते. सौर उपकरणांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दरपत्रकात साहित्य, मजुरी आणि कर हे तिन्ही वेगवेगळे दाखवायला सांगावे.

त्यानंतर तो प्रश्न, जो बहुतेक जण विचारत नाहीत आणि ज्यावरून पुढे सर्वांत जास्त नाराजी होते. एका कृषी प्रदर्शनात एका वयस्क शेतकऱ्याने स्टॉलवरच्या मुलाला तो अगदी सरळ विचारला होता : “बाळ, आमच्याकडं लाईट सारखी जाते. लाईट गेली की हे चालतं का?” मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, “नाही काका, लाईट गेली की हेही बंद होतं. बॅटरी घेतली तरच चालेल.” पॅनलची वीज घरात वापरता येईल अशा विजेत बदलणारा आणि ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःहून बंद होतो, कारण तो चालू राहिला तर त्याची वीज तारांमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. ही व्यवस्था हवीच. परंतु ज्या गावात रोज काही तास वीज जाते, तेथे तेवढे तास भर उन्हातही संयंत्र काहीही निर्माण करणार नाही, हे घरी सर्वांना माहीत असले पाहिजे. बॅटरीसह चालणारा, ‘हायब्रिड’ नावाने मिळणारा इन्व्हर्टर हा त्यावरचा उपाय आहे. पण त्याने खर्च बराच वाढतो. केवळ दिवे, पंखे आणि वायफाय एवढ्यासाठी बॅटरी हवी असेल, तर घरात आधीपासून असलेला बॅटरीचा नेहमीचा इन्व्हर्टर पुरेल का, हे आधी पाहावे.

सांगाड्याकडे लोक दुर्लक्ष करतात. पॅनल आणि इन्व्हर्टर नामांकित असतात, आणि वादळात उडतो तो सांगाडा. लोखंड गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेले आहे का, जस्ताचा थर किती मायक्रॉनचा आहे, पाय गच्चीला कसे धरले जाणार आणि त्यासाठी स्लॅबला भोके पाडली तर गळती होणार नाही याची हमी कोण देणार, हे विचारावे. कोकण किनाऱ्यावर खारी हवा असते, त्यामुळे तेथील वाचकांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. गच्चीवर पापड-कुरडया, कपडे यांची जागा राखायची म्हणून सांगाडा उंच घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. उंची वाढली की वाऱ्याचा जोर आणि खर्च दोन्ही वाढतात. अर्थिंग आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक दरपत्रकात आहेत का तेही पाहावे.

हमीच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या मुदती असतात. पॅनलच्या उत्पादनक्षमतेची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते, पॅनलमधील दोषाची त्याहून कमी वर्षांची असते आणि इन्व्हर्टरची साधारण पाच ते दहा वर्षांची असते. ‘पंचवीस वर्षे गॅरंटी’ या शब्दांत या तिन्ही मुदती एकत्र केल्या जातात. त्या वेगळ्या लिहून घ्याव्यात. इन्व्हर्टर आयुष्यात किमान एकदा बदलावा लागेल, असे धरूनच हिशेब करावा.

नेट मीटर कसे चालते, हे व्याख्यानात ऐकून घेतलेले बरे. दिवसा जास्तीची वीज महावितरणला जाते, रात्री आपण ती वापरतो आणि बिलात दोन्हींची वजावट होते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यांत ओढली जातात आणि आर्थिक वर्ष संपताना त्यांचा हिशेब मिटतो. वीज नियामक आयोगाचे नियम बदलत असतात, म्हणून मीटरचा अर्ज कोण भरणार, किती दिवस लागणार आणि सध्याची वजावट कशी होते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ‘बिल शून्य’ अशी पाटी असली तरी स्थिर आकार बिलात राहतोच.

गरम पाणी

सौर वॉटर हीटरच्या स्टॉलवर गर्दी कमी असते, आणि मला ते अन्यायाचे वाटते. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे ज्या घरात रोज विजेच्या गीझरवर एवढे पाणी तापते त्याच्या वापराचा मोठा हिस्सा एकट्या अंघोळीत जातो. ते काम फार कमी खर्चात होत असेल, तर आधी ते करावे आणि मगच पॅनलची संख्या ठरवावी. चार माणसांच्या घराला शंभर ते दीडशे लिटर पुरतात. येथे विचारायचा प्रश्न क्षारांचा आहे. बोअरवेलच्या पाण्यावर तांब्याच्या नळ्यांच्या सपाट संग्राहकात क्षारांचा थर बसून तो चोंदतो. काचेच्या निर्वात नळ्यांमध्येही क्षार साचतात, पण त्या रिकाम्या करून साफ करणे सोपे असते आणि फुटलेली एखादी नळी बदलता येते. आपल्या पाण्याचा नमुना बाटलीत नेऊन दाखवायलाही हरकत नाही. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या नळाची लांबी सांगावी आणि त्यावर उष्णतारोधक आवरण दरात धरले आहे का, ते विचारावे. अन्यथा रोज पहिली दोन बादल्या थंड पाणी वाया जाते.

शेतकऱ्यांसाठी

महाराष्ट्रातील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीचा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावरील जमिनीला ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर होतो, स्टॉलवर नव्हे. तेव्हा ‘अर्ज मंजूर करून देतो’ असे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. स्टॉलवर पाहायचे ते पंपाचे काम. विहिरीतील किंवा बोअरमधील पाण्याची उन्हाळ्यातील पातळी, तेथून शेताच्या उंच कोपऱ्यापर्यंतची चढ आणि पाइपाची लांबी हे तीन आकडे नेल्यास, त्या खोलीवरून दिवसाला किती लिटर पाणी येईल हे कंपनीचा माणूस तक्त्यावरून सांगू शकतो. अश्वशक्ती सारखी असली तरी हा आकडा कंपनीगणिक बदलतो. याच दालनात आपल्या तालुक्यात दुरुस्तीचा माणूस कोठे बसतो, हे विचारण्यास विसरू नये.

भाजीपाला आणि फळे पिकवणाऱ्यांनी सौर वाळवणी यंत्रे आवर्जून पाहावीत. महाराष्ट्रात सुरू झालेल्या ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ या संस्थेला सौर वाळवणीच्या कामासाठी २०२३ साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तिने ग्रामीण महिलांना प्रक्रियेच्या साखळीत आणले आहे. यंत्र पाहताना एका वेळी किती किलो ओला माल बसतो, तो कोणत्या महिन्यात किती दिवसांत वाळतो आणि वाळलेला माल कोण विकत घेतो, असे तीन प्रश्न पुरेत. तिसऱ्याचे उत्तर नसेल तर यंत्र घेण्याची घाई करू नये.

बायोगॅस आणि स्वयंपाक

येथे चालते संयंत्र पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नये. शेणावरच्या संयंत्रात एक घनमीटर वायूसाठी रोज साधारण २५ किलो शेण लागते आणि तो वायू सुमारे ४५० ग्रॅम एलपीजीच्या जागी चालतो. पाच माणसांच्या घराला दोन घनमीटरचे संयंत्र हवे असेल, तर ५० किलो शेण, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. एकच म्हैस असलेल्या घराने मोठे संयंत्र बांधले की ते उपाशी राहते आणि वर्षभरात त्याची टाकी पावसाचे पाणी साठवण्याच्या कामी येते.

शहरात स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर चालणारी छोटी संयंत्रे मिळतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, खरकटे आणि पिठूळ कचरा यांवर चालणारे आटोपशीर संयंत्र विकसित केले आणि त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. अशा संयंत्रात काय घालावे आणि काय घालू नये, हे तपशिलात विचारावे : लिंबाच्या साली आणि अंड्यांची टरफले त्याला चालत नाहीत, भाताची पेज आणि शिळी पोळी मात्र झटपट वायू देते. हिवाळ्यात वायू कमी होतो, तो किती कमी होतो हे विचारावे. रोज बाहेर येणारी स्लरी, म्हणजे कुजून उरलेला पातळ राडा, कोठे जाणार, याचे उत्तर घरूनच ठरवून न्यावे, कारण चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोन कुंड्यांना ती सारी पुरवता येत नाही.

गॅसऐवजी विजेवर स्वयंपाक करण्याचा विचार असेल, तर १४.२ किलोच्या सिलिंडरची जागा घ्यायला इंडक्शन शेगडीला ढोबळ हिशेबाने सव्वाशे ते दीडशे युनिट लागतात. हा आकडा आपल्या सौर संयंत्राच्या गणितात आधीच धरावा. सूर्यचुलीच्या स्टॉलवर मुलांना अवश्य न्यावे आणि तेथे शिजलेला भात चाखायला लावावा. शिर्डीच्या साई संस्थानात ऊन एका जागी एकवटणाऱ्या ७३ शेफलर तबकड्यांवर वाफ तयार करून प्रसादाचा स्वयंपाक होतो, हे त्यांना तेथेच सांगता येते.

बाकीचे स्टॉल

बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे, पंखे सुमारे ३० वॅटवर चालतात, जुने पंखे ७०-७५ वर. दिवसभर चालणारे पंखे आधी बदलले तर पॅनल कमी लागतात. पर्जन्यजलाच्या स्टॉलवर गच्चीचे माप सांगावे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, त्यामुळे पुण्यात हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून हंगामात पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी मिळते. घराच्या छतावरील छोटी पवनचक्की शहरात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाने बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते, आणि इमारतींच्या गर्दीत वाऱ्याला वेग राहत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर चक्क्या उभ्या आहेत त्या तेथील वाऱ्यासाठी.

प्लगमध्ये लावले की बिल तीस-चाळीस टक्क्यांनी कमी होते, अशी डबी विकणाऱ्याकडे थांबूही नये. आत बहुधा एक कपॅसिटर असतो, आणि घरगुती मीटर मोजतो ते युनिट त्याने कमी होत नाहीत. ‘विघटनशील’ प्लॅस्टिकच्या पिशव्या विकणाऱ्याला ती घरच्या कंपोस्टमध्ये कुजते की तापमान राखणाऱ्या कारखान्यातच, हा एकच प्रश्न विचारावा.

परतल्यावर

त्याच संध्याकाळी वहीतील नोंदी स्वच्छ लिहून काढाव्यात, कारण दोन दिवसांत कोणत्या स्टॉलवर काय ऐकले हे मिसळून जाते. तीन विक्रेत्यांना घरी बोलवावे आणि गच्ची पाहिल्यानंतरचे दरपत्रक मागवावे. एकूण किमतीची तुलना न करता पॅनलची कंपनी व मॉडेल, डीसीआर आहे की नाही, इन्व्हर्टरचे मॉडेल, सांगाड्याचे लोखंड, वायरची जाडी, नेट मीटरचा खर्च आणि पाच वर्षांची देखभाल या ओळी एकाखाली एक मांडून तुलना करावी. एखाद्या ओळीत ‘उत्तम दर्जाचे’ असे मोघम लिहिले असेल, तर तेथे नाव आणि मॉडेल लिहून आणायला सांगावे.

सर्वांत उपयोगी पाऊल मात्र दरपत्रकाबाहेरचे आहे. विक्रेत्याने आपल्या भागात किमान दोन पावसाळे पाहिलेले एखादे संयंत्र दाखवावे, असा आग्रह धरावा आणि तेथे विक्रेत्याशिवाय जावे. सांगाड्याच्या जोडांवर गंज आहे का, पॅनल कोण आणि किती दिवसांनी पुसते, इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला, हे घरच्यांना विचारावे. आणि त्यांची हरकत नसेल तर मोबाइलवरील ॲपमध्ये गेल्या वर्षाचे महिनावार उत्पादन पाहावे. वर्षाच्या एकूण युनिटना संयंत्राच्या किलोवॅटने भागल्यावर उत्तर १,४०० च्या आसपास आले, तर काम नीट झाले आहे. ते १,१०० च्या खाली असेल तर सावली, धूळ किंवा वारंवार जाणारी वीज यांपैकी कारण काय, हे समजल्याखेरीज त्या विक्रेत्याला होकार देऊ नये. त्यानंतर राष्ट्रीय पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने, बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून स्वतःच अर्ज भरावा, आणि करारावर सही करताना पहिला हप्ता साहित्य गच्चीवर पोहोचण्याशी व शेवटचा हप्ता नेट मीटर बसण्याशी जोडून घ्यावा.